व्हिटबीला जायचंय? आधी भरती-ओहोटी बघा, मग बाकीचं ठरवा

इंग्लंडमधे समुद्र बघायचा म्हटलं की आपली बरीच मंडळी ब्रायटन नाहीतर बोर्नमथ गाठतात. चांगलीच आहेत ती ठिकाणं, पण तुम्ही लीड्स, यॉर्क, न्यूकॅसल या बाजूला राहत असाल, किंवा भारतातून आईबाबा आलेत आणि लंडन-एडिनबरा उरकून मधे दोन-तीन दिवस मोकळे आहेत, तर व्हिटबीला जा. नॉर्थ यॉर्कशरच्या किनाऱ्यावर एस्क नदी जिथे नॉर्थ सीला मिळते तिथे दोन कड्यांच्या मधे वसलेलं जुनं बंदर आहे हे. पूर्वेच्या कड्यावर पडका ॲबी म्हणजे जुना ख्रिस्ती मठ, पश्चिमेच्या कड्यावर हॉटेलं आणि बाग, मधे नदी आणि त्यावर एक फिरणारा पूल. गाव छोटं आहे, पण आजूबाजूला चालण्यासारखं इतकं आहे की एका दिवसात जाऊन येऊ म्हणणाऱ्यांना मी तरी नकोच म्हणेन, निदान एक रात्र काढा.

आता मुख्य गोष्ट. इथला प्लॅन हॉटेलच्या चेक-इन वरून किंवा रील्समधल्या टॉप टेन वरून करायचा नाही, भरती-ओहोटीच्या वेळांवरून करायचा. गुगलवर व्हिटबी टाइड टाइम्स टाका, तुमच्या तारखेच्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या मिळतील, त्या कागदावर लिहून घ्या किंवा स्क्रीनशॉट मारून ठेवा कारण कड्याखाली गेलात की बऱ्याच ठिकाणी नेटवर्क जातं. बीचवरच्या सगळ्या गोष्टी, म्हंजे वाळूतून लांब चालणं, खडकातली डबकी, फॉसिल शोधणं, हे सगळं ओहोटीच्या आधीच्या दोन-अडीच तासांत. पाणी परत चढायला लागलं की तुम्ही परतीच्या वाटेवर असायला पाहिजे. भरतीच्या वेळेला गाव, ॲबी, म्युझियम, जेवण. एवढं जमलं की निम्मी ट्रिप जमली.

हे एवढं का सांगतोय, तर इथे मोठ्या भरतीला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं आणि किनारा म्हणजे सरळ उभे कडे, त्यामुळे पाणी कड्याला टेकलं की मागे जायला जागाच उरत नाही. दरवर्षी लोक अडकतात आणि लाइफबोटवाल्यांना जाऊन काढावं लागतं. अडकलातच तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा, पोलीस नाही. आणि कड्याला टेकून डबा खात बसायचं नाही, हा दगड ठिसूळ शेलचा, म्हंजे दबलेल्या चिखलाच्या थरांचा आहे, पावसानंतर तर धडाधड कोसळतो.

एक आपल्या सोयीचं: घरात कालनिर्णय असेलच, अमावस्या-पौर्णिमा बघा. त्या आसपासच्या दिवसांत उधाणाची भरती असते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण त्याच दिवसांत ओहोटीही सगळ्यात खोल जाते, आणि व्हिटबीला ती खोल ओहोटी साधारण सकाळी उशिरा येते. म्हंजे नाश्ता करून निघायचं आणि दुपारी जेवायला परत, यापेक्षा चांगलं टायमिंग काय पाहिजे. नक्की वेळ मात्र टाइड टेबलातूनच घ्या, तिथीवरून अंदाज फक्त सुट्टी कुठल्या वीकेंडला टाकायची एवढ्यापुरता.

पोचायचं कसं. गाडी असेल तर मूर्स म्हणजे इथल्या उंच माळरानावरून येणारा रस्ता मस्त आहे, ऑगस्टच्या शेवटाला सगळं माळरान हेदर नावाच्या झुडपांनी जांभळं झालेलं असतं, पण गावात पार्किंगचे हाल आहेत, सीझनमधे बाहेरच्या पार्क अँड राइडला गाडी लावून बसने आत या. गाडी नसेल तर लीड्स किंवा यॉर्कहून कोस्टलायनरची ८४० नंबरची बस, मॉल्टन-पिकरिंग करत मूर्स ओलांडून येते, २०१८ साली ती ब्रिटनमधला सगळ्यात देखणा बस-रूट म्हणून निवडली गेली होती. वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडा. ट्रेन आहे ती मिडल्सब्रोहून, एस्क व्हॅली लाइन, दीड तास लागतो आणि दिवसाला मोजक्याच गाड्या असतात, त्यामुळे चुकली तर बसून राहा. तिसरा प्रकार म्हणजे पिकरिंगहून सुटणारी नॉर्थ यॉर्कशर मूर्स रेल्वेची वाफेच्या इंजिनाची गाडी, तिच्या काही फेऱ्या ग्रोमाँटवरून थेट व्हिटबीपर्यंत येतात, तिकीट महाग आहे पण पोरं खूश.

गावात आल्यावर आधी स्विंग ब्रिज. १९०८ सालचा पूल आहे, भरतीच्या आसपास बोटी आत-बाहेर करतात तेव्हा तो बाजूला फिरतो आणि दोन्हीकडे माणसं ताटकळत उभी राहतात. घाई नसेल तर तेही बघण्यासारखंच. पूल ओलांडून पूर्वेला गेलं की चर्च स्ट्रीटची दगडी गल्ली, जेट नावाच्या काळ्या पदार्थाचे दागिने (त्याबद्दल पुढे) आणि फज ही मिठाई विकणारी दुकानं, आणि ती संपते तिथे १९९ पायऱ्या. मोजत चढायची पद्धत आहे आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो. मधे मधे बाकांसारखे सपाट कट्टे लागतील, ते दमलेल्या टुरिस्टांसाठी नव्हते हो, वर दफनाला नेताना शवपेटी टेकवायला होते. आता त्यावर लोक सेल्फी काढतात.

वर सेंट मेरीज चर्च, बांधायला सुरुवात झाली बाराव्या शतकात, १११० च्या सुमाराला. आत जरूर जा, लाकडी खोक्यांसारखे दारं असलेले बाक आहेत आणि छत एखाद्या जहाजाच्या आतल्यासारखं दिसतं, सुतार बहुतेक बंदरातलेच असावेत असं वाटून जातं. बाहेरच्या स्मशानात वाऱ्याने आणि मिठाने झिजलेले दगड. ब्रॅम स्टोकर १८९० साली व्हिटबीत राहून गेला आणि त्याने ड्रॅक्युलाचा काही भाग इथे घडवला, म्हणून लोक चर्चमधे येऊन ड्रॅक्युलाची कबर कुठेय विचारतात. कबर नाहीये. पात्र आहे ते, काल्पनिक.

चर्चच्या मागे ॲबी. सेंट हिल्डा नावाच्या बाईने ६५७ साली इथे मठ काढला, ज्यात पुरुष आणि बायका दोघंही राहायचे आणि प्रमुख ती स्वतः. ६६४ साली इथेच सभा भरली आणि इंग्लंडमधलं चर्च ईस्टरची तारीख कुठल्या पद्धतीने काढणार हे ठरलं, म्हंजे पंचांगाचा वाद म्हणा ना. आत्ता दिसतात त्या कमानी मात्र नंतरच्या, मुख्यतः तेराव्या शतकापासूनच्या. आठव्या हेन्रीने मठ बंद केले त्यात १५३९ ला हाही गेला, आणि १६ डिसेंबर १९१४ ला जर्मन युद्धनौकांनी या किनाऱ्यावर तोफा डागल्या तेव्हाही मार बसला. ॲबी इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे, तिकीट आहे, ऑनलाइन आधी काढलं तर जरा स्वस्त पडतं. आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर पायऱ्यांचा हट्ट नको, कड्यावरच कार पार्क आहे, गाडीने वर जाऊन तिथून सपाटीवरून चालत जाता येतं.

पश्चिमेचा कडा तसा निवांत. व्हेलच्या जबड्याच्या हाडांची कमान आहे, तिच्यातून समोरचा ॲबी बरोब्बर फ्रेममधे येतो, प्रत्येकाच्या फोनमधे हा फोटो असतो, तुम्हीही काढाल. गावाचा जुना धंदा व्हेल मारायचा, अठराव्या शतकाच्या मधापासून ऐंशीएक वर्षं चालला, आत्ताची हाडं मात्र अलास्काहून आणून २००३ साली बसवलीत. बाजूला प्रसिद्ध दर्यावर्दी कॅप्टन कुकचा पुतळा, हा माणूस शिकाऊ खलाशी म्हणून १७४६ ला इथे आला होता आणि त्याचं ते ग्रेप लेनवरचं मालकाचं घर आज म्युझियम आहे. कमानीकडून खाली बंदरावर उतरणाऱ्या रस्त्याचं नाव खैबर पास आहे, खरंच, पाटी बघा. खाली बीचवर जायला १९३१ सालची क्लिफ लिफ्ट होती पण २०२२ ला ती सुरक्षेच्या कारणाने बंद केली, त्यामुळे लिफ्ट मिळेल असं धरून चालू नका, उतार आणि पायऱ्यांची तयारी ठेवा. प्रॅम असेल तर उताराचा रस्ता पकडा.

आता चालणं. तीन वाटा सांगतो, सोपी आधी.

सँड्सएंड. व्हिटबीच्या वेस्ट पियरपासून, म्हंजे बंदराच्या तोंडाशी समुद्रात गेलेल्या पश्चिमेच्या धक्क्यापासून, वाळूतून सरळ उत्तर-पश्चिमेला चालत सुटायचं, साधारण चार किलोमीटर, ओहोटीला अख्खा पट्टा कडक ओल्या वाळूचा असतो, पाय रुतत नाहीत, लहान मुलं आणि सत्तरीचे आजोबा दोघांनाही जमतं. तिकडे टोकाला छोटंसं गाव, दोन ओढे समुद्राला मिळतात, कॅफे आहेत, टॉयलेट आहे. पाणी चढलं तर वाळूतून परत फिरायचं नाही, वरून रस्त्याकडेच्या वाटेने या किंवा एक्स ४ बस घ्या. पोहायचं असेल तर सीझनमधे लाइफगार्ड असतात, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा. पाणी किती गार असतं ते विचारू नका, ऑगस्टमधे चौदा-पंधरा अंश, गोव्याच्या सवयीने धावत आत शिरलात तर किंचाळत बाहेर याल.

दुसरी, सॉल्टविक बे. ॲबीपासून क्लीव्हलँड वे नावाची कड्यावरची वाट दक्षिणेला जाते, मैल-दीड मैलावर एक कॅराव्हॅन पार्क लागतो, तिथून खाली तीव्र उताराची वाट आहे, पावसात निसरडी. ही वाट फक्त ओहोटीला. खाली ब्लॅक नॅब नावाचा काळा सुळका आणि पसरलेले सपाट खडक, आणि खूप खोल ओहोटी असेल तर रोहिला या जहाजाचे अवशेष. याची गोष्ट माहीत असलेली बरी: ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं प्रवासी जहाज, युद्धात हॉस्पिटल शिप केलेलं, ३० ऑक्टोबर १९१४ ला वादळात या खडकांवर आदळलं. किनारा एवढा जवळ की लोकांना माणसं दिसत होती, पण लाटा अशा की वाचवायला दोन दिवस लागले. वल्ह्यांची लाइफबोट माणसांनी हाताने ओढत खडकांवरून आणली, शेवटचे पन्नास जण टाइनमथहून आलेल्या मोटरवाल्या बोटीने काढले. जहाजावरची एक बाई टायटॅनिकमधूनही वाचलेली होती आणि ती इथेही वाचली. ऐंशीच्या वर माणसं गेली. बंदरातून कड्याच्या पायथ्याने सॉल्टविकला जाता येतं असं कोणीतरी सांगेल, जाऊ नका, पाण्याने नाहीतर दरडीने गाठतंच.

तिसरी आणि माझ्या मते व्हिटबीला यायचं खरं कारण म्हणजे रॉबिन हूड्स बेपर्यंतची कड्यावरची वाट. तीच क्लीव्हलँड वे, साधारण साडेसहा-सात मैल, फोटो काढत रमतगमत साडेतीन-चार तास धरा. सॉल्टविकच्या पुढे १८५८ सालचं पांढरं दीपगृह लागतं, मग शेतं एका बाजूला आणि खाली समुद्र दुसऱ्या बाजूला, कठडा बऱ्याच ठिकाणी नाही. मधे दुकान-हॉटेल काहीच नाही त्यामुळे पाणी, थेपले, पोळीचे रोल जे काय असेल ते पाठीवर. दोन-तीन ओढ्यांच्या घळी आहेत तिथे उतरून परत चढावं लागतं, एरवी सपाट, सह्याद्रीतले किल्ले केलेल्यांना काहीच नाही पण बूट ग्रिपचेच घाला, शेवटच्या टप्प्यातला चिखल फार चिवट असतो. ही वाट कड्याच्या वरून असल्यामुळे भरती-ओहोटीचा संबंध नाही, पण तरी पोचायची वेळ ओहोटीशी जुळवा, कारण रॉबिन हूड्स बेला खाली पाणी ओसरलं की दगडांच्या कमानीसारख्या वळलेल्या रांगा उघड्या पडतात आणि डबक्यांमधे खेकडे, ॲनिमोन, शंख सगळं. मुलांना तिथून उठवणं कठीण.

गाव म्हंजे एकच उतार. गाड्या वरच थांबतात, खाली लाल कौलांची घरं एकमेकांच्या अंगावर, एकेकाळी चोरटी दारू-चहा उतरवायचं मोठं ठिकाण. अगदी खाली धक्क्यावर तुम्हाला मोठ्या सॅका घेतलेले, लंगडत येणारे, तरी हसणारे लोक दिसतील, ते पश्चिम किनाऱ्यावरच्या सेंट बीजपासून कोस्ट टू कोस्ट करत अख्खं इंग्लंड आडवं चालून आलेले असतात, जवळपास १९० मैल, आणि इथे बूट समुद्रात बुडवून संपवतात. टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी.

परत यायला वरच्या अंगाहून एक्स ९३ बस आहे. पायात दम उरला असेल तर सिंडर ट्रॅकने चालत या, १९६५ साली बंद झालेल्या रेल्वेचा मार्ग आहे, चढ-उतार हळूहळू, सायकलीही चालतात, आणि व्हिटबी जवळ आलं की लार्पूल व्हायाडक्ट, १८८५ सालचा तेरा कमानींचा विटांचा पूल, त्यावरून नदी आणि गाव दोन्ही दिसतं. दोन्हीकडून चालणार असाल तर वीस किलोमीटरच्या आसपास होतं, हिवाळ्यात मात्र चार वाजता अंधार, तेव्हा हा विचार सोडून द्या.

फॉसिलचं वेगळं सांगायला हवं. इथले दगड ज्युरासिक काळातले, अठरा कोटी वर्षांच्या आसपासचे, आणि त्यात ॲमोनाइट म्हणजे गुंडाळलेल्या शंखासारखे प्राणी ठासून भरलेत. हिल्डाने सापांना शाप देऊन दगड केलं अशी दंतकथा आहे, गावाच्या मानचिन्हावरही तीन वेटोळी आहेत आणि एका जातीचं शास्त्रीय नावच हिल्डोसेरस. आता गंमत बघा, आपल्या देवघरातला गंडकीतला शाळिग्राम हाही ॲमोनाइटच. आई तिथे वाकून एक वेटोळं उचलेल आणि कपाळाला लावेल, आश्चर्य वाटून घेऊ नका. शोधायची पद्धत साधी: कडा खणायचा नाही, हातोडा मारायचा नाही, खाली सुटे पडलेले गोल करडे गोटे बघायचे, कडेला वेटोळ्याची रेघ दिसते का ते बघायचं. वादळानंतरच्या पहिल्या ओहोटीला सगळ्यात जास्त मिळतं. खिशात मावेल एवढंच घ्या.

याच दगडात सापडतो जेट, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या मंकी पझलसारख्या झाडांचं लाकूड दबून झालेला काळा कुळकुळीत पदार्थ. १८६१ ला नवरा अल्बर्ट गेल्यावर व्हिक्टोरिया राणीने सुतकात जेट घातला आणि अख्ख्या देशात फॅशन आली. विकत घेणार असाल तर हातात धरून बघा, खरा जेट अगदी हलका आणि हाताला गार लागत नाही, काच जड आणि गार लागते. बिनग्लेजच्या चिनीमातीवर घासला तर खऱ्याची रेघ तपकिरी उमटते. दुकानदाराला व्हिटबीचाच का असं सरळ विचारा, चांगला असेल तो लेखी देतो. संक्रांतीच्या काळ्या साडीवर छान दिसतो, सुतकाचा म्हणून घरी कोणी नाक मुरडलं तर व्हिक्टोरियाचा विषय काढायचाच नाही.

खाणं. व्हिटबीला येऊन फिश अँड चिप्स न खाता जाणं म्हणजे गाढवपणा, पण यॉर्कशरमधे पुष्कळ जुनी दुकानं तेलात नाही, बीफ ड्रिपिंगमधे म्हणजे गोमांसाच्या चरबीत तळतात. मासा तर जाऊदे, चिप्ससुद्धा त्याच कढईतले. म्हणजे शाकाहारी माणूस नुसते चिप्स घेऊन खूश होतो आणि त्याला पत्ताच नसतो. काउंटरवर आधी विचारा कशात तळता, व्हेजिटेबल ऑइलवाली दुकानंही आहेत, ग्लूटेन-फ्रीचा वेगळा फ्रायर असणारीही आहेत. घेतल्यावर उघड्यावर धक्क्यावर बसून खाणार असाल तर सीगल. हे पक्षी मागून येतात आणि हातातला तुकडा घेऊन जातात, भिंतीला पाठ लावून बसा आणि डबा अंगाशी धरा. मासे खाणाऱ्यांनी हेन्रिएटा स्ट्रीटवर १८७२ पासून चालणाऱ्या छोट्या फॉर्च्यून्स स्मोकहाउसमधले किपर घ्यावेत, ओकच्या धुरावर धरलेले हेरिंग. सुक्या बोंबलाच्या वासाला सरावलेल्या नाकाला त्रास नाही, हॉटेलची खोली मात्र आठवडाभर आठवण ठेवेल, शेवटच्या दिवशी घेऊन चार पिशव्यांत बांधा. गोड हवं असेल तर बोथम्सचे लेमन बन, १८६५ पासूनची बेकरी आहे.

पाऊस लागला, आणि लागेलच, तर पॅनेट पार्कमधलं व्हिटबी म्युझियम. कोणी फार सांगत नाही पण धमाल जागा आहे. भिंतीवर समुद्री सरड्यांचे अख्खे सांगाडे, फाशी दिलेल्या माणसाचा सुकवलेला हात जो म्हणे चोर दिवा म्हणून वापरायचे, आणि सगळ्यात भारी म्हणजे जळवांचं हवामान-यंत्र: मेरीवेदर नावाच्या डॉक्टरने बारा बाटल्यांत बारा जळवा ठेवल्या, वादळ येणार असलं की त्या वर चढायच्या आणि घंटा वाजायची. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडलं होतं. इथे त्याची प्रतिकृती आहे. वेधशाळेच्या अंदाजावर जोक करणाऱ्या बाबांना नक्की दाखवा.

जास्तीचा दिवस असेल तर उत्तरेला रन्सविक बे आणि स्टेथ्स, दोन्ही एक्स ४ बसच्या रस्त्यावर, दोन्हीकडे बस वर सोडते आणि खाली पायी उतरायचं. दोन्हीत एकच निवडायचं तर पोरं असतील तर रन्सविकची वाळू, नसतील तर स्टेथ्सच्या गल्ल्या.

कपडे: जुलै असला तरी वाऱ्याचं जॅकेट. या किनाऱ्यावर सी फ्रेट नावाचं धुकं येतं, गावाबाहेर तीन मैलांवर ऊन आणि गावात दहा फुटांवरचं दिसत नाही, अशा वेळी कड्यावरच्या वाटेला जाऊ नका, तासाभरात उठतं कधी कधी आणि कधी दिवसभर बसतं. छत्री आणू नका, वाऱ्यात उलटी होते.

जूनमधे जाणार असाल तर एक वेगळंच बघायला मिळतं. किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे आणि दिवस एवढा मोठा, की सूर्य समुद्रातून उगवतो आणि संध्याकाळी समुद्रातच मावळतो, दोन्ही वेस्ट पियरवरून दिसतं. मावळायला साडेनऊ वाजून जातात, जेवण आधी उरकून घ्या कारण बरीच किचन तोवर बंद. लाटा उसळत असतील तर पियरच्या टोकाला जाऊ नका, वरून पाणी येतं.

खोली बुक करताना गॉथ वीकेंडच्या, म्हंजे काळे कपडे घालणाऱ्या गॉथ मंडळींच्या उत्सवाच्या, तारखा तपासा, १९९४ पासून चालू आहे, गाव काळ्या झग्यांनी आणि टॉप हॅटनी भरून जातं, बघायला मजा आहे पण तेव्हा खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर दुप्पट. ऑगस्टमधे रेगाटा म्हणजे होड्यांच्या शर्यती आणि शाळांच्या सुट्ट्या, तेच हाल. मे महिन्याचे मधले आठवडे किंवा सप्टेंबरची सुरुवात घ्या, आणि रविवारच्या परतीच्या बसच्या वेळा आदल्या रात्रीच बघून ठेवा, रविवारी त्या कमी असतात.